ना वही, ना स्वरलिपी. तरी गंगाखेडच्या जनाबाईंची गाणी सातशे वर्षं टिकली कशी?

आषाढी जवळ आली की मोबाइलवर विठ्ठलाच्या रील्सचा पूर येतो. पावसात भिजणारी दिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि मागे एखादा अभंग. खाली गायकाचं नाव असतं, म्युझिक कंपनीचं असतं, रील बनवणाऱ्याचं तर असतंच. पण गाणं मुळात कुणाचं?

त्याचं उत्तर बऱ्याचदा गाण्यातच असतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणारा आपलं नाव सांगून जातो. तिथे 'तुका' आलं तर तुकाराम, 'नामा' आलं तर नामदेव. आणि 'जनी', 'दासी जनी' किंवा 'नामयाची दासी' असं ऐकू आलं, तर ते गाणं परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं.

जनाबाई सातशे वर्षांपूर्वीच्या. त्या दुसऱ्याच्या घरी कामाला होत्या. धुणं, भांडी, दळण, कांडण आणि शेण गोळा करणं ही त्यांची कामं. हाताशी ना लिहून घेणारं कुणी, ना सुरांची नोंद ठेवायची सोय. तरी त्यांच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि ते रोज कुठे ना कुठे गायले जातात.

हे कसं झालं, हे समजून घ्यायला गंगाखेडपासून सुरुवात करावी लागते.

गंगाखेडची मुलगी पंढरपुरात

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातलं गोदावरीकाठचं तालुक्याचं गाव. मराठवाड्यात गोदावरीला 'गंगा' म्हणतात, म्हणून गावाच्या नावातही गंगा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे जनाबाईंचा जन्म झाला असं परंपरा सांगते. वडिलांचं नाव दमा, आईचं करुंड. जातीने शूद्र मानलं गेलेलं, विठ्ठलाची भक्ती करणारं गरीब घर.

लहानगी जनी पंढरपूरला कशी पोचली, याच्या दोन गोष्टी आहेत. एका गोष्टीत आई वारल्यावर वडील तिला पंढरपूरच्या दामाशेटींकडे ठेवतात. दुसरीत ती आईवडिलांबरोबर यात्रेला येते, विठ्ठलाला पाहते आणि परत जायलाच तयार होत नाही. दोन्ही गोष्टींचा शेवट एकच: गंगाखेडची पोर दामाशेटी शिंप्याच्या घरी वाढली. गंगाखेड ते पंढरपूर हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी दोनशे किलोमीटरच्या घरात जातं. त्या काळात एवढ्या लांब ठेवलेली मुलगी म्हणजे माहेराला जवळपास कायमची तुटलेली.

दामाशेटींचा मुलगा म्हणजे संत नामदेव. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२७० चा. जनाबाई वयाने थोड्या मोठ्या होत्या आणि लहानग्या नामदेवांना त्यांनीच सांभाळलं, असं सांगतात.

इथे परभणीचा आणखी एक धागा आहे. नामदेवांचं गाव म्हणून जी नरसी ओळखली जाते आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी जोडलेलं जे औंढा नागनाथ आहे, ती दोन्ही ठिकाणं आज हिंगोली जिल्ह्यात येतात. पण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतूनच वेगळा झाला. म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्याने वारकरी संप्रदायाला शिष्य, गुरू आणि त्याच घरातली ही कवयित्री असे तिघे दिले.

'दासी' म्हणजे नेमकं काय?

भक्तीच्या भाषेत 'दास' हा शब्द सगळेच वापरतात. राजासुद्धा देवापुढे स्वतःला दास म्हणवून घेतो. जनाबाईंच्या बाबतीत मात्र हा नुसता नम्रपणा नव्हता. त्या खरोखरच घरच्या मोलकरीण होत्या.

नामदेवांचं घर मोठं. आईवडील, बायको, मुलं, सुना आणि वर सतत येणारे संत. इतक्या माणसांचं धान्य दळायचं, साळी कांडायच्या, नदीवरून पाणी आणायचं, कपडे धुवायचे, अंगण झाडायचं, गोवऱ्या थापायच्या. ही सगळी कामं जनाबाईंच्या अभंगांत नावानिशी येतात. मराठी कवितेत घरकाम इतक्या तपशिलात येणं ही मोठी गोष्ट आहे, कारण तोपर्यंत ते कवितेत यायच्या लायकीचंच मानलं जात नव्हतं.

आणि त्या कामात त्यांना मदत कोण करतो? विठ्ठल. तो जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, पाणी वाहतो, शेणी वेचायला बरोबर येतो. एका अभंगात तर तो जनीचे केस विंचरून देतो आणि उवासुद्धा काढतो.

यातला अर्थ सरळ आहे. जिला देवळात जाऊन बसायला वेळ नाही, तिच्याकडे देवानेच यायचं. आणि आल्यावर पूजा करून घेत बसायचं नाही, कामाला हात लावायचा.

जातं, ओवी आणि अभंग: या गाण्यांची बांधणी

आता गाण्याच्या अंगाने बघू.

जातं म्हणजे दगडाच्या दोन गोल तळ्या. खालची स्थिर, वरची फिरणारी. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा असतो आणि मधल्या भोकातून मुठीमुठीने धान्य टाकायचं. एकटी बाई दळते किंवा समोरासमोर बसून दोघी. पहाटे अंधारात हे काम चालायचं आणि हाताला, खांद्याला चांगलाच ताण यायचा. हात एका गतीत फिरत राहावा म्हणून तोंडाने ओवी म्हणायची. जात्याची घरघर हीच त्या गाण्याची साथ.

ओवी हा मराठीचा खूप जुना छंद. तिच्यात साधारण साडेतीन चरण असतात. पहिले तीन सारख्या लांबीचे आणि यमक असलेले, चौथा आखूड. अक्षरांची मोजणी सैल असते, त्यामुळे गाणारी बाई दळताना शब्द ओढू शकते किंवा आवरू शकते.

अभंग याच कुळातला, पण जास्त बांधीव. मोठ्या अभंगात प्रत्येक कडव्याला चार तुकडे असतात. पहिल्या तीन तुकड्यांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. नुसती मोजणी कळावी म्हणून इथेच तयार केलेला हा नमुना पाहा (हा जनाबाईंचा अभंग नाही):

पहाटेच्या वेळी । जात्याचा आवाज ।
ऐकतसे आज । गाव सारा ॥

बोटांवर मोजा: सहा, सहा, सहा, चार. 'आवाज' आणि 'आज' हे यमक. शेवटचा तुकडा आखूड असल्यामुळे तिथे श्वास घ्यायला जागा मिळते आणि टाळ-मृदंगाच्या ठेक्यात पुढचं कडवं उचलता येतं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच तुकडे असतात आणि शेवटी यमक.

हा साचा लक्षात ठेवायला सोपा आहे. एक शब्द विसरला तर मोजणी अडते, यमक हुकतं आणि चूक लगेच कानाला टोचते. कागद नसलेल्या माणसांसाठी हीच वही होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असायला हवी. जनाबाईंनी अभंग नेमक्या कोणत्या चालीत म्हटले, त्याची नोंद नाही. आज रेडिओवर किंवा यूट्यूबवर ऐकू येतात त्या चाली बहुतेक विसाव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या संगीतकारांनी बांधलेल्या. भजनी मंडळांच्या चाली पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या. शब्द आणि छंद जनाबाईंचा, सूर मात्र काळाबरोबर बदलत गेलेला.

युरोपातली एक बाई आणि पंढरपुरातली एक

याच्याशी तुलना करायला एक युरोपातलं उदाहरण उपयोगी पडतं. हिल्डेगार्ड ही बाराव्या शतकातली जर्मन ख्रिस्ती जोगीण. तिने सत्तरहून अधिक धार्मिक गाणी रचली. ती तिच्या मठाची प्रमुख होती. तिच्याकडे लेखनिक होता, चर्मपत्रं होती आणि सूर लिहून ठेवायची पद्धतही होती. त्यामुळे तिची गाणी कशी गायची, हे आठशे वर्षांनंतरही त्या हस्तलिखितांवरून कळतं.

जनाबाईंकडे यातलं काहीच नव्हतं. याच अडचणीला उत्तर म्हणून की काय, परंपरेत एक गोष्ट आली. जनाबाई दळताना अभंग म्हणायच्या आणि स्वतः विठ्ठल ते लिहून घ्यायचा, अशी ती आख्यायिका. एका मोलकरणीचा लेखनिक कोण, तर पंढरीचा राजा! गोष्ट श्रद्धेची आहे, पण तिच्यातून एक खरी गोष्टही कळते. जनाबाईंचं गाणं उतरवून घेण्याच्या लायकीचं आहे, हे लोकांना फार पूर्वीच पटलं होतं. लिहिणारा माणूस सापडत नव्हता, म्हणून लोकांनी देवाला लेखणी दिली.

मग अभंग आपल्यापर्यंत आले कसे?

आधी तोंडी. कीर्तनात, भजनात, वारीत आणि जात्यावर. मग कीर्तनकारांच्या आणि वारकऱ्यांच्या वह्यांत. पुढे छापखाने आले तेव्हा जनाबाईंचे अभंग बहुतेक नामदेवांच्या गाथेतच, त्यांच्या घरच्या मंडळींच्या रचनांबरोबर छापले गेले. नामदेवांच्या जन्माला सातशे वर्षं झाली तेव्हा, १९७० मध्ये, महाराष्ट्र शासनाने नामदेव गाथा प्रसिद्ध केली.

अभंगांशिवाय कृष्णजन्म, थाळीपाक, प्रल्हादचरित्र आणि हरिश्चंद्राख्यान अशा कथात्मक रचनाही जनाबाईंच्या नावावर सांगितल्या जातात.

यातला प्रत्येक शब्द त्यांचाच का? अभ्यासक इथे सावध असतात. काही अभंगांची भाषा नंतरच्या काळातली वाटते. तोंडी परंपरेत गाणाऱ्याबरोबर शब्द बदलतात आणि एखाद्या मोठ्या नावाची मुद्रा लावून नंतरच्या कुणी रचना केल्याचंही घडतं.

गोष्टींचंही तसंच. कबीर जनाबाईंना भेटायला पंढरपूरला आले, ही कथा खूप लोकप्रिय आहे. त्यांनी पाहिलं तर जनाबाई दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होत्या. माझ्या गोवऱ्या ओळखायच्या कशा? तर कानाला लावा, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी. कथा सुंदर आहे, पण कबीर पंधराव्या शतकातले मानले जातात आणि जनाबाईंचं निधन परंपरेनुसार १३५० चं. म्हणजे ही भेट इतिहासात बसत नाही. लोकांनी दोन आवडत्या संतांना एका अंगणात आणून उभं केलं, एवढंच.

चोरीचा आळ

जनाबाईंच्या चरित्रातली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट चोरीच्या आळाची आहे. महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) सारख्या संतचरित्रांनी जनाबाईंच्या कथा घरोघरी पोचवल्या. त्यातलीच ही एक.

विठ्ठल रात्री जनाबाईंच्या खोपटात येतो. पहाटे घाईत निघताना गळ्यातलं पदक तिथेच विसरतो आणि त्यांची वाकळ पांघरून जातो. सकाळी देवळात गोंधळ. देवाचं पदक गेलं कुठे? संशय सरळ जनाबाईंवर. झडती होते, पदक सापडतं आणि त्यांना सुळावर द्यायचं ठरतं. चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा राहतो. शेवटी त्या सुळाचं पाणी होतं आणि जनाबाई वाचतात.

चमत्कार बाजूला ठेवला तरी गोष्टीची पहिली अर्धी बाजू ओळखीची वाटते. घरात वस्तू हरवली की आधी कुणाकडे बघितलं जातं? कामवाल्या बाईकडे. सातशे वर्षांपूर्वीही तसंच होतं, हे ही गोष्ट सांगणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती पिढ्यानपिढ्या ऐकली गेली, विशेषतः त्या बायकांकडून ज्यांनी असा आळ सोसला होता.

लाडात आणि भांडणात

जनाबाईंचे अभंग फक्त सोसण्याचे नाहीत. त्या विठ्ठलाला 'विठाबाई' म्हणतात, आई म्हणून हाक मारतात. लहानपणी आईला मुकलेल्या मुलीने देवालाच आई करून टाकावं, यात नवल नाही. पण हीच जनी तो आला नाही की त्याला शिव्याशापही देते, त्याच्या नावाने खडे फोडते. देवाशी इतकं घरगुती भांडण घालणारी भाषा जुन्या मराठीत क्वचितच दिसते.

एका अभंगात डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला तरी पर्वा न करता, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन भर बाजारात जायची गोष्ट त्या करतात. दुसऱ्या एका ठिकाणी, बाईचा जन्म मिळाला म्हणून उदास व्हायचं कारण नाही, असं त्या सांगतात. चौदाव्या शतकातली एक मोलकरीण हे म्हणते आहे, हे लक्षात घेतलं की त्या शब्दांचं वजन कळतं.

याची दुसरी बाजूही आहे. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ते उत्तरेत हिंडले, त्यांचं नाव पंजाबपर्यंत गेलं. जनाबाई पंढरपुरातच राहिल्या, कारण घरचं दळण कुणीतरी करायला हवं होतं. त्यांचं गाणं दूर गेलं ते बायकांच्या तोंडून.

ताडकळसच्या जात्यापर्यंत

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, त्याचा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या पुण्यातल्या दोन अभ्यासकांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावातल्या बायकांचे आवाजही या संग्रहात आहेत. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा ठेवा टप्प्याटप्प्याने येत आहे आणि कुणालाही मोफत ऐकता येतो.

या ओव्यांत माहेर आहे, सासर आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे. आणि जनीही आहे. विठ्ठलाबरोबर दळणारी, शेणी वेचणारी. म्हणजे जनाबाई आधी जात्यावर गाणारी बाई होती, मग ती जात्यावरच्या गाण्यातली बाई झाली. या गाणाऱ्यांत शाळेची पायरीही न चढलेल्या कितीतरी जणी होत्या. गाथा त्यांनी वाचलेली नव्हती. जनी त्यांना आईकडून, सासूकडून मिळाली होती.

मग गावात पिठाची गिरणी आली. खांद्याचं दुखणं गेलं, पहाटेची झोप मिळाली. कुठल्याही बाईला विचारा, जातं परत यावं असं ती म्हणणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. पण जात्याबरोबर ती तास-दोन तासांची गाण्याची वेळही गेली. आई दळते आहे, मुलगी मांडीवर डोकं ठेवून ऐकते आहे, ही शाळा बंद पडली. सातशे वर्षं ज्या वाटेने जनाबाई एका बाईकडून दुसरीकडे जात होत्या, ती वाट दोन पिढ्यांत पुसट झाली.

आज जनाबाई कुठे भेटतात?

गंगाखेडला गोदावरीकाठी जनाबाईंचं मंदिर आहे. गावातल्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पुढे परळीकडे जाते, तेव्हा वारकऱ्यांना जनीचं गाव वाटेत लागतं.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून जातं दाखवतात आणि यात्रेकरू त्याला हात लावून जातात. विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. १३५० मध्ये नामदेवांबरोबर त्यांच्या घरच्या मंडळींनी आणि जनाबाईंनीही तिथेच समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आयुष्यभर घरची दासी असलेल्या बाईला शेवटी घरच्यांतच जागा मिळाली.

पडद्यावरही त्या आल्या. १९४९ मध्ये 'प्रभात'चा 'संत जनाबाई' हा चित्रपट आला, त्यात जनाबाईंची भूमिका हंसा वाडकर यांनी केली होती. कवी अरुण कोलटकर यांनी जनाबाईंच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरं केली, त्यामुळे मराठी न कळणाऱ्यांनाही त्या कळू लागल्या.

आणि आता मोबाइल. जात्याची जागा घेणारं हेच नवं साधन आहे. एका बोटाने गाणं हजारो लोकांपर्यंत जातं. पण इथे एक नवीनच अडचण आहे. रील छोटी असते. त्यात अभंगाचं धृपद येतं, एखादं कडवं येतं आणि शेवटचं कडवं कापलं जातं. नेमकं तेच, ज्यात नाव असतं. स्वतःच्या मालकीचं घर, शेत, दागिना काहीच नसलेल्या बाईने आपल्या गाण्यावर केलेली ती एकमेव सही. सातशे वर्षांत ती ना जात्यावर पुसली गेली, ना कीर्तनात. ती कापली जाते आहे ती एडिटिंगमध्ये.

उपाय मात्र सोपा आहे. येत्या आषाढीला एखादा अभंग आवडला तर तो शेवटपर्यंत ऐकायचा. शेवटच्या कडव्यात 'जनी' आली, तर पुढे पाठवताना एक ओळ वर टाकायची: रचना संत जनाबाई, गंगाखेड, जिल्हा परभणी.